भेग बुजवण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की पुण्यातील गुलटेकडी, बिबवेवाडी, मुकुंदनगर या भागांतील सोसायट्यांमध्ये रंगकामाची लगबग सुरू होते. पावसाळ्यात दिसू लागलेली भेग रंगारी पुट्टीने भरतो, वर रंगाचा हात फिरवतो आणि घर पुन्हा नवे भासू लागते. पुढच्या वर्षी त्याच जागी तीच भेग उमटते व दोष रंगाऱ्याच्या माथी जातो. वस्तुतः भेग भरलेली असते. ती पाडणारी हालचाल तशीच चालू असते.

काँक्रीट स्थिर दिसते, पण स्थिर नसते. उन्हाने ते प्रसरण पावते, थंडीने आकसते. ३० मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी सुमारे ६ मिलिमीटरने बदलते. ओले काँक्रीट सुकताना आकसते आणि भाराखाली वर्षानुवर्षे अगदी सावकाश वाकत राहते. या हालचालीला वाव मिळाला नाही, की आत ताण साचतो. दाब सहज पेलणारे काँक्रीट ताणापुढे दुबळे ठरते. त्याची ताण सोसण्याची शक्ती दाबाच्या मानाने साधारण दशांशच असते. म्हणून त्यात सळ्या घालतात आणि ४५ मीटरांहून लांब इमारतीत सामान्यतः प्रसरणासाठी सांधा ठेवतात. भारतीय मानकानुसार, एरवी अपाय नसेल अशा ठिकाणी ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालू शकते. प्रत्येक भेग घातक नसते. पण कोणती घातक, हे ओळखावे लागते.

याच प्रश्नावर अभियंते पीएच.डी.साठी अनेक वर्षे खर्च करतात. भेगेच्या टोकापुढील काँक्रीट एकदम तुटत नाही, काही काळ परस्परांना धरून ठेवते, हा विचार स्वीडनमधील हिलरबोर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडला. भेग कोठे सुरू होईल व कोठवर जाईल, याचे गणित त्यातून पुढे सरकले. असे गणित पारखण्यासाठी जगभरचे संशोधक ज्या बांधकामाकडे वळतात, ते महाराष्ट्रातील आहे : कोयना धरण.

सोलापूरच्या जैन कुटुंबातील वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने हे धरण बांधले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे तीव्र भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, मात्र त्याच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. जेथे मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, त्याच पातळीवर त्या होत्या. कारण आकार अचानक बदलतो तेथे ताण एकवटतो. अभियंत्यांनी भेगा बुजवल्या, परंतु तेवढ्यावर काम थांबवले नाही. भेगेचे कारण शोधून मागील बाजूने आधार बांधला व धरण बळकट केले. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रानेही कोयना परिसरातील भूकंपांचा अभ्यास केला.

धरणाचा हा न्याय घरालाही लागू पडतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, ती तेथे ताण एकवटतो म्हणूनच. प्लास्टरवरील जाळीसारख्या बारीक रेषा बहुधा सुकण्याच्या असतात. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत जाणारी, रुंदावणारी भेग पाया खचल्याची सूचना देते. काळ्या मातीवरील बांधकामात ही भीती अधिक. सळईच्या रेषेत भेग व तांबूस डाग दिसले, तर आत गंज धरला आहे; गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. कॉलमजवळ बीमवर तिरपी भेग आली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्वरित बोलवावे.

भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. महिन्याने भेग खुणेपुढे गेली, तर हालचाल थांबलेली नाही.

व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दुकान प्रशस्त व्हावे म्हणून तळमजल्यावरील भिंत पाडली किंवा कॉलम तासला, तर भार दुसरीकडे सरकतो. भेग मात्र वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या घरात पडते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी करावयाचे असते. हा खर्च सभेत पुढे ढकलला जातो, रंगाचा मात्र लगेच मंजूर होतो.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, सांगितला आहे. पाण्याचा थेंब गाळून घेणाऱ्या घराने डोक्यावरच्या स्लॅबविषयी बेसावध राहू नये. आणि फ्लॅट विकण्यापूर्वी भेगेवर रंग चढवताना, त्या छताखाली उद्या कोणाची तरी मुले झोपणार आहेत, याचे स्मरण ठेवावे.