कापडाचें छप्पर

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं एके वर्षीं घातलेला मांडव अवकाळी पावसानें खालीं आला. वारा फारसा नव्हता. सपाट बांधलेल्या कापडाच्या पोटांत थोडें पाणी सांचलें, त्या भारानें कापड खोल गेलें, खोल गेलें म्हणून आणखी पाणी आलें आणि अखेर बांबू मोडले. मुलांना आधींच बाहेर काढलें होतें, एवढेंच नशीब. ‘कापड जाड हवें होतें’ असें सर्वांचें मत पडलें. मींहि मान डोलावली. पुढें निवृत्तीनंतर वाचन केलें तेव्हां उमगलें कीं, चूक जाडीची नव्हती, आकाराची होती.

दगडी खांब भार दाबून घेऊन सोसतो, लाकडी तुळई वाकून सोसते. कापडास यांपैकीं कांहींच साधत नाहीं. त्याला एकच विद्या अवगत आहे, ती ताण सोसण्याची. म्हणून घोड्याचें खोगीर डोळ्यांपुढें आणा. लांबीच्या दिशेनें तें मध्यें झुकलेलें असतें, तर रुंदीच्या दिशेनें कमानीसारखें दोन्ही अंगांस उतरलेलें. अशा आकाराच्या कापडांत झुकत्या दिशेचे धागे वरचा भार पेलतात आणि कमानी दिशेचे धागे वाऱ्याची उचल अडवितात. दोघेहि एकमेकांस ओढून धरतात. त्यामुळें कापड फडफडत नाहीं. आणि फडफडणें हेंच कापडाचें मरण होय. जर्मनीचे स्थापत्यविशारद फ्राय ओटो (१९२५–२०१५) तारेच्या चौकटी साबणाच्या पाण्यांत बुडवून, त्यांवर धरणाऱ्या पापुद्र्यावरून असे आकार शोधीत. हा प्रयोग आपल्या घरींहि करून पाहावा.

दुसरा आकार शंकूचा. जेद्दा येथील विमानतळावर हजच्या यात्रेकरूंसाठीं १९८१ सालीं उभारलेल्या छपरांत असे २१० तंबू आहेत. प्रत्येकाची बाजू ४५ मीटर! शेंड्याशीं ठेवलेल्या वर्तुळाकार झरोक्यांतून तापलेली हवा निघून जाते. कमानींच्या सांगाड्यावर घातलेलें पिंपासारखें छप्पर गोदामास पुरेसें आहे, त्याविषयीं अधिक सांगत नाहीं. हवेच्या दाबानें फुगवून धरलेलें छप्पर मात्र मला भरंवशाचें वाटत नाहीं. अमेरिकेंत मिनिआपोलिस येथील क्रीडागृहाचें तसलें छप्पर डिसेंबर २०१० मध्यें बर्फाच्या भारानें फाटून खालीं बसलें. त्याच देशांत डेन्व्हरच्या विमानतळावर १९९५ पासून खांबांवर ताणलेलें शंकूंचें छप्पर बर्फ झेलीत उभें आहे.

टिकाऊपणा अर्थात् कापडावरहि अवलंबून असतो. सुती कापड ओलीनें कुजतें. प्लॅस्टिकचा लेप दिलेलें पॉलिएस्टर साधारण पंधरा-वीस वर्षें चालतें. कांचतंतूंवर टेफ्लॉनचा लेप दिलेलें तीस वर्षांहून अधिक. परंतु हें दुसरें कापड घडी घालण्यास अयोग्य, कारण घडीवर कांचेचे तंतू मोडतात. तेव्हां दरवर्षीं बांधून सोडावयाच्या मांडवास पॉलिएस्टरच बरें.

लंडनच्या मिलेनियम डोमचें आच्छादन याच कांचतंतूंचें. बारा उंच खांबांस तें तारांनीं टांगलेलें आहे. फेब्रुवारी २०२२ च्या वादळांत त्याचे कांहीं पट्टे फाटले; डोम मात्र उभा राहिला.

गेल्या वर्षीं आमच्या गल्लींतील उत्सवाच्या वेळीं मीं मांडववाल्यास मधला बांबू चार हात उंच घ्यावयास व कडा खालीं ओढून बांधावयास सांगितलें. “मास्तर, कापड जास्त लागेल,” तो म्हणाला. लागलें खरें, पण दुसऱ्या रात्रीं पाऊस आला आणि पाणी चारी अंगांनीं वाहून गेलें.