कॅलेडोनियाची भट्टी आणि थॅडियस स्टीव्हन्स

थॅडियस स्टीव्हन्स म्हटलं की आपल्याला गुलामगिरीविरुद्ध अमेरिकी काँग्रेसमध्ये कडाडणारा म्हातारा आठवतो. तो लोखंडाचा कारखानदारही होता, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आज आपण त्याच्याकडे त्याच्या भट्टीच्या वाटेने जाऊ.

१७९२ साली व्हरमाँटमध्ये जन्म, एक पाय जन्मतःच वाकडा. पुढे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला वकिली. १८२१ मध्ये त्याने एका गुलाममालकाची बाजू मांडली आणि खटला जिंकला. चॅरिटी बटलर ही बाई स्वातंत्र्य गमावून बसली. नंतर हाच माणूस पळून आलेल्या गुलामांसाठी फुकट लढू लागला. या दोन गोष्टींची सांगड घालायचा मोह होतो खरा, पण आपण तो आवरू.

१८३७ मध्ये भागीदारासोबत त्याने डोंगरात कॅलेडोनिया भट्टी उभारली. नाव जन्मजिल्ह्याचं. अशी भट्टी जंगलावर जगते: झाडं तोडायची, कोळसा पाडायचा, मग लोहखनिज, चुनखडी आणि कोळसा वरून ओतत राहायचं, खालून वितळलेलं लोखंड काढायचं. पुढे दगडी कोळशावरच्या भट्ट्या आल्या, त्यांचा माल स्वस्त पडे. कॅलेडोनियाने पैसा कमी दिला, कर्ज जास्त. ते दोन लाख डॉलरच्या वर गेलं, म्हणून १८४२ मध्ये तो जास्त वकिली मिळवायला लँकेस्टरला गेला. परदेशी लोखंडावर जकात वाढवा, असं तो हिरीरीने सांगे. त्यात त्याचं स्वतःचं हित होतंच, नाही कसं म्हणणार?

मतांवर मात्र तडजोड नाही. १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा समितीत असूनही त्याने सही केली नाही.

या मतांची किंमत १८६३ च्या जूनमध्ये भट्टीने मोजली. गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी दक्षिणेचा जनरल ज्युबल अर्ली तिथून चालला होता. त्याने कारखाना जाळला, आणि नंतर आत्मचरित्रात कारणही दिलं: स्टीव्हन्सची दक्षिणेविरुद्धची कडक भूमिका. स्टीव्हन्सला खंत वाटली ती बेकार झालेल्या मजुरांची. त्यांच्या कुटुंबांची सोय करा, असं त्याने कळवलं.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. लँकेस्टरमधल्या ज्या दफनभूमीत रंगावरून प्रवेश नाकारला जात नसे, तीच त्याने स्वतःसाठी निवडली होती.