दोजो म्हणजे बोधिमंड : एकट्याने काता शिकणाऱ्यांसाठी

घाटकोपर, मुलुंड भागातल्या वस्त्यांमध्ये मुलींबरोबर काम करताना आम्ही एक गोष्ट वारंवार पाहतो. कराटेचा क्लास सुरू होतो, पिवळा पट्टा मिळतो आणि मग क्लास सुटतो. कधी फी परवडत नाही, कधी दहावी येते, कधी क्लासची वेळ रात्री आठची होते आणि घरचे नको म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळ्यांचेच क्लास एकदम बंद पडले. त्यानंतर घरी सराव चालू ठेवणाऱ्या मुली थोड्याच निघाल्या. त्यांच्यात एक साम्य होते : क्लासमध्ये सर जे जपानी शब्द ओरडतात, त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

क्लासमध्ये अर्थ माहीत नसला तरी निभावते. शेजारची मुलगी हात खाली नेते, आपणही नेतो. घरी शेजारी कोणी नसते. तिथे शब्द हीच सूचना असते. ‘गेदान-बराई’ घ्या. ‘गेदान’ म्हणजे खालची पातळी, कमरेखालची. ‘बराई’ म्हणजे झाडून बाजूला सारणे. ‘चुदान’ म्हणजे छाती-पोटाची पातळी, ‘जोदान’ म्हणजे डोक्याची. ‘माए’ पुढे, ‘योको’ बाजूला, ‘उशिरो’ मागे. ‘हिदारी’ डावा, ‘मिगी’ उजवा. ‘ग्याकु’ म्हणजे उलट, म्हणजे जो पाय पुढे त्याच्या उलट बाजूचा हात. एवढे पंधरा-वीस शब्द कळले की अनोळखी हालचालीचे नाव ऐकूनही निम्मी हालचाल करता येते.

आमचा पहिला आग्रह : हे शब्द देवनागरीत लिहून काढा. आपल्याकडे ते इंग्रजी स्पेलिंगवरून आले, म्हणून कराते या शब्दाचे कराटे झाले आणि कातेचा काटा झाला. जपानी ‘त’ आपल्या ‘त’च्या जवळचा आहे. ‘त्सुकी’ म्हणजे ठोसा. त्यातला ‘त्सु’ म्हणताना ‘चूल’मधला च उच्चारा, ‘चित्र’मधला नको. मराठी माणसाला हा उच्चार आयता मिळाला आहे, हिंदीभाषक मुलांना तो मुद्दाम शिकावा लागतो.

आणखी एका ठिकाणी मुले गोंधळतात. ठोसा ‘त्सुकी’, मग ‘ओई-झुकी’ कुठून आले? लाथ ‘केरी’, मग ‘माए-गेरी’ का? शाळेत वाक् अधिक ईश म्हणजे वागीश असे शिकलो होतो, तिथे क चा ग झाला. हा त्यातलाच प्रकार. पुढे शब्द जोडला की मूळ अक्षर मऊ होते. ‘ताची’ म्हणजे उभे राहण्याची पद्धत, तिचे ‘झेनकुत्सु-दाची’ होते. ‘हाराई’चे ‘बराई’ होते. एकदा हे लक्षात आले की पाठांतराचा अर्धा भार उतरतो. (जाता जाता : जपानी मुळाक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना असा जातो. संस्कृत सूत्रांसाठी जपानी भिक्खू जी सिद्धम लिपी शिकत, तिच्या वर्णमालेचा या क्रमावर प्रभाव असल्याचे भाषातज्ज्ञ मानतात.)

आता काता. काता म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, समोर शत्रू आहे असे धरून एकट्याने करायचा. शोतोकान शैलीत पहिला मोठा काता ‘हेइआन शोदान’. ओकिनावातल्या इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी जी पाच कात्यांची मालिका बसवली, त्यातला हा. ‘हेइआन’ लिहिण्याच्या चिन्हांत शांतता आणि सुरक्षितता हे अर्थ आहेत. यात २१ मोजण्या आहेत आणि दोनदा ‘किआइ’, म्हणजे पोटातून दिलेली आरोळी. पायांची वाट जमिनीवर काढली तर दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी रेघ दिसते. या वाटेला ‘एन्बुसेन’ म्हणतात.

अडचण अशी, की दहा बाय दहाच्या खोलीत ही उभी रेघ मावत नाही. तीन पावले पुढे टाकली की कपाट येते. मग तुकडे करा. पहिली डावी-उजवी बाजू वेगळी, मधली तीन ‘आगे-उके’ वेगळी. पाऊल पुढे टाका, तंत्र पूर्ण करा, पुन्हा मूळ जागी या, पुढचे घ्या. प्रत्येक हालचालीआधी तिचे नाव मोठ्याने म्हणा : ‘हिदारी, गेदान-बराई’. नाव अडले तर थांबा, कारण पुढची हालचाल अंदाजाने होणार आहे. आठवड्यातून एकदा मोबाइल छातीच्या उंचीवर ठेवून समोरून आणि बाजूने चित्रण करा. पुढचा गुडघा आत वळत असेल तर लगेच सुधारा. चुकीच्या सवयीची किंमत गुडघा पुढे मोजतो.

एकट्याने केलेला काता दुय्यम, असे कोणी म्हणाले तर २०२१ मध्ये झालेले टोकियो ऑलिंपिक आठवा. स्पेनच्या सांद्रा सांचेझ यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर कात्यात सुवर्णपदक घेतले, चटईवर एकट्या उभ्या राहून. मात्र हेही खरे, की नुसत्या कात्याने रस्त्यावरचा हात सुटत नाही. अंतर आणि वेळेचा अंदाज जोडीदाराशिवाय येत नाही. महिन्यातून दोनदा तरी दुसऱ्या कोणाबरोबर सराव हवाच.

आणि इथे जागेचा प्रश्न येतो. आमच्या वस्त्यांत छताखालची मोठी मोकळी जागा बहुतेक वेळा एकच असते : बुद्धविहार. तिथे सराव मागितला की कमिटीतले एखादे ज्येष्ठ म्हणतात, “विहारात मारामारी नको.” त्यांची भावना आम्ही समजू शकतो. पण उत्तर त्या जपानी शब्दांतच आहे. सरावाच्या जागेला ‘दोजो’ म्हणतात. चिनी भाषांतरकारांनी ‘बोधिमंड’ या शब्दासाठी, म्हणजे बोधिवृक्षाखालच्या संबोधीच्या जागेसाठी, जो शब्द योजला, त्याचाच हा जपानी उच्चार. बचावाला ‘उके’ म्हणतात. त्याचे मूळ क्रियापद ‘घेणे, स्वीकारणे’ या अर्थाचे आहे. पाचही हेइआन काता बचावाने सुरू होतात. फुनाकोशी गिचिन यांच्या वीस सूत्रांत पहिला हल्ला न करण्याचे सूत्र आहे आणि त्यांचे स्मारक १९६८ साली कामाकुराच्या एन्गाकुजी या झेन विहारात उभारले गेले.

‘कराते’ शब्दाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. पूर्वी तो ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहीत. फुनाकोशींनी ‘कारा’साठी ‘रिकामा’ हे चिन्ह वापरले आणि समर्थनाला बौद्ध शून्यता आणली. सूत्रांत शून्यतेसाठी तेच चिन्ह येते. १९३६ मध्ये नाहा येथील गुरूंच्या बैठकीतही तेच स्वीकारले गेले. पण तो काळ जपानी लष्करशाहीचा होता आणि चीनचे नाव पुसणे सोयीचे होते. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत.

तसेच बोधिधर्मांचे. भारतातून गेलेल्या या भिक्खूंनीच शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली आणि कराटे त्यातून आले, असे संदेश आपल्या ग्रुपवर फिरतात. या कथेचा आधार असलेला व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला, बोधिधर्मांनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेला. चिनी इतिहासकार तांग हाओ यांनी १९३० च्या सुमारास ही कथा खोडून काढली. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, हे आपण कालामांच्या सुत्तातून शिकतो. मग आपल्याला आवडणाऱ्या दंतकथेला सूट कशाला? दोजो हा शब्द पुरावा म्हणून पुरेसा आहे.

आमच्या ओळखीच्या एका विहारात आता सकाळी सहा ते सात हॉल उघडा असतो. चावी एका आजींकडे आहे. मुली आधी त्रिशरण-पंचशील घेतात, मग पाच मिनिटे ‘मोकुसो’, म्हणजे डोळे मिटून शांत बसणे, मग काता. मोजणी आळीपाळीने एकेकीने करायची. आजी कोपऱ्यात झाडत असतात आणि कोणी ‘रोकु’नंतर ‘हाची’ म्हटले की त्याच आधी ओरडतात, “अगं, शिची राहिलं!”