तबकडी थांबते तेव्हा

वाशीम जिल्ह्यातील मानोरा या तालुक्याच्या गावी, जिथे शास्त्रीय गायनाची मैफल ऐकावयाची म्हणजे अमरावती वा नागपूरचा रस्ता धरावा लागतो, तिथे गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चार-पाच मंडळी दर शनिवारी दिवस मावळण्याच्या सुमारास एका ओसरीवर जमतो, एखादी जुनी ध्वनिमुद्रिका ऐकतो आणि ती संपली की तिच्याविषयी बोलतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, एक तहसील कचेरीतील अव्वल कारकून आहेत, एक कापूस-तुरीचे शेतकरी आहेत आणि पोहरादेवीच्या वाटेवरील तांड्यात राहणारे एक भजनी गृहस्थ आहेत. रागाचे नाव छातीठोकपणे सांगू शकेल असा मात्र आमच्यात एकही नाही. तरीही या काही महिन्यांत आम्हाला असा दृढ प्रत्यय आला आहे की, ऐकणे हे ज्याचे त्याचे एकट्याचे असले, तरी ऐकलेले कळणे हे पुष्कळदा चौघांत बसूनच घडते.

या गोष्टीचे मूळ तबकडीच्या घडणीतच आहे. १९०२ साली फ्रेडरिक गेसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा कर्ण्यापुढे बसून गाणाऱ्या कलावंताला अवघी तीन-साडेतीन मिनिटांची मुदत होती. आणि मुद्रिका छापली जाणार दूर जर्मनीतील हॅनोव्हर गावी, सबब तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून चीज संपताच गायिकेने आपले नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारावयाचे, अशी वहिवाट पडली. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या लाखेच्या काळ्या थाळ्या गावोगाव पोचल्या. परंतु या थाळीची जी उणीव मानली गेली, तीच मला तिची थोरवी वाटते. दर तीन मिनिटांनी गाणे थांबे. कोणीतरी उठून यंत्राला चावी देई, पोलादी सुई बदली, थाळी उलटून लावी. आणि तेवढ्या अवकाशात घरातील माणसे एकमेकांकडे पाहून आपापल्या मनातले बोलत. श्रोत्यांचे संभाषण ज्या विरामात जन्माला आले, तो विराम यंत्राने सक्तीने दिलेला होता.

आम्ही प्रथम ऐकली ती अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी. किराण्यात जन्मलेले आणि मिरजेत स्थिरावलेले खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांनी त्यांचा तो बारीक, सारंगीसारखा ओलावा धरणारा स्वर आपल्यासाठी राखून ठेवला आहे. हीच ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडला आणि पुढे पंडित भीमसेन जोशी या नावाने विख्यात झाला, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या ओसरीवर ठुमरी संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तांड्यातील गृहस्थ म्हणाले, “आमच्यात लेक सासरी निघाली म्हणजे ढावलो म्हणते. तिथं गळा रडत नाही, सूरच रडतो. हे तसंच आहे.” खाँसाहेब शब्दावर भार न देता विरहाची सारी व्यथा स्वराच्या लगावात कशी ठेवतात, याचे याहून नेमके विवेचन मी कोठे वाचलेले नाही. दुसऱ्यांदा तीच ठुमरी लावली, तेव्हा आम्ही सर्वांनीच ती त्या लेकीच्या वाटेने ऐकली.

पुढच्या शनिवारी केसरबाई केरकरांची भैरवी लावली. गोव्यातील केरी गावच्या या गायिकेने अल्लादिया खाँसाहेबांपाशी कठोर तालीम घेतली. आणि त्यांचा तो भरघोस, मोकळा आकार साडेतीन मिनिटांच्या कुंपणातही कोठे आखडलेला वाटत नाही. १९७७ साली अमेरिकेने सूर्यमालेपलीकडे धाडलेल्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या ज्या तांब्याच्या तबकड्या गेल्या, त्यांवर भारतातून हीच भैरवी घेतलेली आहे. त्याच साली सप्टेंबरात केसरबाईंचे देहावसान झाले. अव्वल कारकुनांना यातले विशेष वाटले ते असे की, तबकडीसोबत ती वाजवावयाची सुई आणि वाजविण्याची रीत दाखविणारी चित्रेही दिलेली आहेत. ते म्हणाले, “दप्तर नुसतं जतन करून भागत नाही. ते उघडणारा आणि वाचणारा लागतो.” केसरबाईंची भैरवी तारकांच्या दप्तरी दाखल झाली खरी, पण तिचा फेरफार आपल्या ओसरीवर, आपल्या नावे व्हावयाचा तर तो आपणच बसून ऐकल्याखेरीज होणार नाही, हे त्या दिवशी आम्हाला उमजले.

आमच्या या वऱ्हाडाचाही ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासात वाटा आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत जी. एन. जोशी यांनी गाऊन मुद्रित केली, आणि मराठी भावगीताचे युग तिच्यापासून मोजण्याचा प्रघात पडला. हेच जोशी पुढे हिज मास्टर्स व्हॉईस या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले आणि उस्ताद अमीर खाँ यांना दीर्घ मुद्रिकेसाठी त्यांनीच राजी केले. १९६० साली निघालेल्या त्या मुद्रिकेच्या एका बाजूस मारवा आहे, दुसरीस दरबारी. तीन मिनिटांची मुदत वीस मिनिटांवर गेली आणि चौदा मात्रांच्या झुमऱ्यातील अतिविलंबित ख्यालाला, ज्याचे एकेक आवर्तन जुन्या थाळीचा केवढा तरी भाग खाऊन टाकते, ऐसपैस जागा मिळाली.

मारवा हा सूर्यास्ताचा राग. त्यात पंचम नाही. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये गायक फिरत राहतो आणि षड्ज, जो प्रत्येक रागाचे घर, तिथे परतण्याचे लांबवीत राहतो. आम्ही तो ऐकला तेव्हा शेतातून परतणाऱ्या बैलांच्या घंटा रस्त्यावरून जात होत्या. शेतकरी गृहस्थांनी एवढेच विचारले, “हा माणूस घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन आत का जात नाही?” रागाचे शास्त्र न शिकलेल्या त्या माणसाने मारव्याचा प्राण नेमका पकडला होता.

मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून हेच कार्य करीत आली आहे: जुन्या थाळ्यांचा संग्रह करावयाचा, आणि रसिकांना एकत्र बसवून त्या ऐकवावयाच्या. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी या कामी आयुष्य वेचले. आपल्या गावी त्यासाठी थाळ्यांची मोठी पेटी असावी लागत नाही. एकच मुद्रिका निवडावी, प्रथम निःशब्द ऐकावी, मग प्रत्येकाने आपल्या अनुभवातले एक साम्य सांगावे, आणि ती पुन्हा ऐकावी.

आज आम्ही ऐकतो ते खिशातल्या मोबाईलवर, आणि या यंत्राला चावी द्यावी लागत नाही, हीच त्याची एक मोठी अडचण आहे. एक गाणे संपले न संपले तोच ते दुसरे आपण होऊन लावते. म्हणून मारव्याचा शेवटचा स्वर ओसरल्यावर आमच्या गुरुजींनी चटकन हात पुढे करून ते बंद केले. पूर्वी थाळी उलटण्यासाठी माणूस जसा उठे, तसाच तो हात मला वाटला. बाहेर काळोख दाटला होता. मग शेतकरी गृहस्थांनी आपला तो प्रश्न विचारला, आणि आमचे बोलणे सुरू झाले.