वाईट आकडा सांगायची भीती वाटू नये

भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा, फक्त कान इकडे द्या.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी शहरात डेटा ॲनालिटिक्सच्या कामाला लागली आहे. ताईंनी मला विचारलं, "हे नक्की काय काम असतं हो? आणि ती म्हणते, पुढे मला टीमची प्रमुख व्हायचंय. त्याला काय अंगी लागतं?" मी म्हटलं, याचं उत्तर रेडिओवरूनच देते, म्हणजे सगळ्यांनाच कळेल.

डेटा म्हणजे नोंदवलेली माहिती. ॲनालिटिक्स म्हणजे ती माहिती चाळून, जुळवून, त्यातून अर्थ काढणं, म्हणजे पुढचा निर्णय अंदाजाने न घेता नोंदी पाहून घेता येतो. आपल्या गटाची बचत, हजेरी, अंतर्गत कर्ज, परतफेड हा सगळा डेटाच. शहरात तो संगणकात असतो, आपल्याकडे वहीत आणि आता मोबाईलमध्ये. बेरीज-वजाबाकी यंत्र करतं. पण काय मोजायचं, का मोजायचं आणि निघालेल्या आकड्याचं पुढे काय करायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं. तिथे प्रमुखाचा कस लागतो.

हे समजायला एका बाईची गोष्ट सांगते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून तुम्ही तिचं चित्र पाहिलं असेल. पण ती आकड्यांचीही मोठी जाणकार होती. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतलं. तिथली ती पहिली स्त्री सभासद.

१८५४ च्या नोव्हेंबरात, क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी, ती ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. माणसं मरत होती. पण किती मेली, याची तीन ठिकाणी तीन वेगळी नोंद! एकीचा दुसरीशी मेळ नाही. पुढे मायदेशी परतल्यावर तिने आग्रह धरला की सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात. १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेत तिचा हा नमुना चर्चेला आला.

चांगल्या प्रमुखाचा पहिला गुण हाच. मोजण्याआधी शब्दाचा अर्थ सगळ्यांमध्ये एक करून घेणं. आपल्याकडे बघा. एका गटात बाई स्वतः बैठकीला आली तरच हजेरी लागते. दुसऱ्या गटात सासूच्या हाती पैसे पाठवले तरी 'हजर'. मग दुसऱ्या गटाची हजेरी शंभर टक्के दिसते आणि आपण त्यांचं कौतुक करतो. चूक गटाची नाही. 'हजर म्हणजे काय' हे आपणच ठरवून दिलेलं नाही.

दुसरा गुण, योग्य तुलना करणं. नुसता आकडा मुका असतो. नाइटिंगेलने दाखवून दिलं की युद्ध नसताना, मायदेशातल्या बराकीत राहणारे तरुण सैनिकसुद्धा त्याच वयाच्या साध्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात. सैन्यात तर धडधाकट माणसं निवडून घेतात. मग असं का? त्या एका तुलनेने सगळ्यांचं लक्ष बराकीतल्या घाणीकडे गेलं. आपणही वीस बायांच्या गटाची थकबाकी दहा बायांच्या गटाशेजारी तशीच मांडू नये. दर बाईमागे किती आणि कुठल्या महिन्यात, हे पाहावं. पेरणीच्या तोंडावर हात कोणाचा मोकळा असतो?

तिसरा गुण, समोरच्याला कळेल असं मांडणं. मंत्र्यांना आकड्यांचे रकाने वाचायला वेळ नसतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने गोल फुलासारखं चित्र काढलं. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले त्यांचा निळा रंग, जखमांनी मेले त्यांचा लाल, बाकीच्या कारणांचा काळा. निळा रंग इतका पसरलेला की न वाचताही कळावं, शत्रूच्या गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसं नेली. १८५५ च्या मार्चमध्ये सरकारने पाठवलेलं स्वच्छता पथक आलं. त्यांनी गटारं साफ केली, हवा खेळती केली, भिंतींना चुना लावला. पुढच्या महिन्यांत मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेही त्याच चित्रात दिसतं. उपाय लागू पडला का, हे पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि हे सगळं तिने एकटीने केलं नाही. विल्यम फार नावाचे संख्याशास्त्रज्ञ तिच्या मदतीला होते. प्रमुखाला सगळंच यायला हवं असं नाही. आपल्याला काय येत नाही हे कळावं आणि जाणकाराला विचारायला कमीपणा वाटू नये.

आता चौथा गुण. हा मला पुस्तकातून नाही, माझ्या स्वतःच्या चुकीतून कळला.

काही वर्षांपूर्वी मी ग्रामसंघाच्या बैठकीत भिंतीवर एक तक्ता लावला. वेळेवर परतफेड करणाऱ्या गटापुढे हिरवा ठिपका, थकलेल्या गटापुढे लाल. लाल ठिपका असलेल्या एका गटाच्या सचिव ताईंना मी सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "तुमच्यामुळे सगळ्या गावाचं नाव खाली जातंय." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात सगळे ठिपके हिरवे! मी खूश. वर अहवाल पाठवला, शाबासकीही मिळाली.

चार महिन्यांनी त्याच गटातल्या एका ताईंच्या घरी गेले. दारात खुंटा होता, दावं होतं, शेळ्या नव्हत्या. मी विचारलं, "चरायला गेल्यात का?" त्या म्हणाल्या, "विकल्या ताई. हप्ता भरायचा होता. आमच्यामुळे ठिपका लाल व्हायला नको."

मैत्रिणींनो, ते कर्ज त्यांनी शेळ्यांसाठीच घेतलं होतं.

मग मी इतर गटांत शांतपणे बसून विचारलं. कुणी फायनान्सवाल्यांकडून कर्ज काढून आपला हप्ता भरला होता. कुणी नवं-जुनं करून वही नीट केली होती. माझा तक्ता रुपयाला रुपया बरोबर होता. पण जे कळायला हवं होतं, ते मीच बायांना सांगू दिलं नव्हतं. वाईट आकडा आणला की अपमान होतो, हे एकदा कळलं की माणसं चांगला आकडा आणून देतात. त्यासाठी घरातली शेळीसुद्धा विकतात.

म्हणून चौथा गुण मी सगळ्यांत वर ठेवते. जिच्यापुढे वाईट पण खरा आकडा न घाबरता सांगता येतो, ती चांगली प्रमुख.

मी तो तक्ता काढला. बैठकीत त्या सचिव ताईंची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोलले होते सगळ्यांसमोर. वहीत एक नवा रकाना घेतला: 'हप्ता कुठून भरला?' धंद्यातून, मजुरीतून, दुसरं कर्ज काढून की काही विकून. हा रकाना नाव घेऊन बैठकीत वाचायचा नाही, असंही ठरलं. घरातली अडचण आपल्यावर विश्वास टाकून सांगितलेली असते. ती चावडीवर न्यायची नसते. माहिती सांभाळणं हाही प्रमुखाचाच धर्म.

पहिल्या महिन्यात माझा अहवाल आधीपेक्षा वाईट दिसला. वरिष्ठांना कारण समजावून सांगताना घाम फुटला. पण कुणाला मुदत वाढवून हवी आहे, ते पहिल्यांदा नीट कळलं. शेळ्यावाल्या ताईंचा हप्ता गटाने निम्मा केला. शेळी अजून त्यांच्या दारात परत आलेली नाही, हेही सांगायला हवं. काही चुका हिशेबात दुरुस्त होतात, घरात लवकर होत नाहीत.

तेव्हा ताई, लेकीला सांगा, संगणक तर ती शिकेलच. पण प्रमुख झाल्यावर हाताखालच्या मुलीने "मॅडम, आकडा वाईट आलाय" म्हटलं, तर पहिला प्रश्न "कुणी चूक केली?" असा नको. "बरं झालं सांगितलंस, काय झालंय ते बघू" असं म्हणावं. आणि अधूनमधून संगणकासमोरून उठून, जिथून तो आकडा आला तिथे जाऊन यावं.

तुम्हीही येत्या बैठकीत एवढं करून बघा. वहीतला एक आकडा निवडा आणि विचारा, हा कसा मोजला, कशाशी ताडून पाहिला आणि हा सांगताना कुणाला भीती तर वाटली नाही ना? मग काय निघालं ते मला कळवा. वाईट निघालं तरी कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.