मोइराला विचारा

टोरांटोच्या स्पॅडायना अव्हेन्यूवर ‘एल मोकॅम्बो’ नावाचा क्लब आहे. दारावर निऑनचं ताडाचं झाड. मार्च १९७७ मध्ये रोलिंग स्टोन्ससारख्या, स्टेडियमं भरून टाकणाऱ्या मंडळींनी तिथे ‘कॉक्रोचेस’ असं खोटं नाव लावून दोन रात्री वाजवलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी, ६ मार्च १९७८ ला, जाड काड्यांचा चष्मा लावलेला तेवीस वर्षांचा एक किडकिडीत इंग्रज पोरगा त्या मंचावर चढला. खरं नाव डेक्लन मॅकमॅनस, पण पोस्टरवर एल्व्हिस कॉस्टेलो. साथीला ‘अ‍ॅट्रॅक्शन्स’. सीएचयूएम-एफएम हे तिथलं रेडिओ केंद्र कार्यक्रम थेट प्रसारित करत होतं.

सीबीएस या रेकॉर्ड कंपनीच्या कॅनडा शाखेनं त्या रात्रीची एक लाँगप्ले काढली. विकायला नव्हे, रेडिओ केंद्रांना वाटायला. छापल्या त्या जेमतेम काहीशे. दुकानात एकही गेली नाही.

यातली गंमत कळायला तीन महिने मागं जावं लागतं. १७ डिसेंबर १९७७ ला अमेरिकेच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’वर कॉस्टेलोनं ठरलेलं गाणं पहिल्या काही ओळींतच तोडलं आणि साथीदारांना थांबवून ‘रेडिओ, रेडिओ’ सुरू केलं. हे गाणं रेडिओवाल्यांची सालटी काढणारं. त्या आगाऊपणाबद्दल कार्यक्रमानं त्याला १९८९ पर्यंत उंबरा ओलांडू दिला नाही. आणि तेच गाणं ‘एल मोकॅम्बो’च्या रेकॉर्डवर आहे, म्हणजे रेडिओवाल्यांना शिव्या घातलेली रेकॉर्ड कंपनीनं रेडिओवाल्यांनाच फुकट पाठवली.

फुकट वाटलेल्या वस्तूला नंतर सोन्याचा भाव यावा, हा रेकॉर्डच्या दुनियेतला जुना न्याय. अशा प्रोमो प्रतींवर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असतं. कंपन्यांचं म्हणणं तर असं की या प्रती कायम आमच्याच मालकीच्या. एका बड्या कंपनीनं प्रोमो सीडी ई-बेवर विकणाऱ्या ट्रॉय ऑगस्टो या लॉस एंजेलिसच्या विक्रेत्यावर खटलाही भरला. २०११ मध्ये अपिलातही कंपनी हरली. न मागता टपालानं पाठवलंत, परत मागितलं नाहीत, मग आता ती वस्तू तुमची कशी?

‘एल मोकॅम्बो’चं अधिकृत प्रकाशन झालं १९९३ मध्ये, एका सीडी-संचातून. मधली पंधरा वर्षं बनावट प्रतींनी राज्य केलं. आज जगात ही रेकॉर्ड ज्यांच्या-ज्यांच्याकडे ‘आहे’, त्यांतल्या बहुतेकांकडे नक्कल आहे. संग्राहक नकलांना नाकं मुरडतात, पण माझ्या मते या रेकॉर्डचा दबदबा त्या नकलांनीच घडवला. काहीशे प्रती रेडिओ केंद्रांच्या कपाटांत धूळ खात पडल्या असत्या, तर ती मैफल ऐकली असती कोणी?

हे सगळं मला ठाऊक होतं म्हणून आमच्या हिंजवडीच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला वर बोलावलं. काका-काकू आयुष्यभर परदेशात. आधी इंग्लंड, मग टोरांटो. आता लेकाकडे, फेज वनमध्ये. सामानाबरोबर रेकॉर्डचा खोका आलेला. काकू म्हणाल्या, “हा खोका इथे आणायला जेवढं भाडं पडलं, तेवढ्यात माझ्या दोन पैठण्या आल्या असत्या.” काकांनी ऐकलंच नाही. त्यांनी खोक्यातून ‘एल मोकॅम्बो’ काढून माझ्या हातात ठेवली आणि चष्मा पुसत म्हणाले, “स्कारबरोत कुणाच्या तरी अंगणातल्या विक्रीत घेतली होती. आता सांग, खरी की खोटी?”

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासतो. चूक ‘दिसते’ असं नुसतं म्हणून आमच्यात चालत नाही. ती पुन्हा घडवून दाखवावी लागते.

आधी कव्हर. खिडकीशी नेऊन भिंग लावलं. फोटो छापताना शाईचे बारीक ठिपके पडतात, हे कुठल्याही वर्तमानपत्रात दिसतं. अक्षरं मात्र भरीव शाईची, कडा सुरीनं कापल्यासारख्या. इथे अक्षरांच्या आतही ठिपके होते. ‘ई’ची कड करवतीच्या दात्यांसारखी. कुणीतरी तयार कव्हरचा फोटो काढून त्यावरून हे छापलं असणार. अक्षरांची मूळ जुळणी त्याच्याकडे नव्हती.

काका म्हणाले, “कव्हर बदललेलं असेल. आत अस्सल असू शकते.” मुद्दा बरोबर होता. जुन्या बाजारात चांगल्या कव्हरात भलतीच रेकॉर्ड आणि चांगल्या रेकॉर्डला भलतंच कव्हर, हे रोजचंच.

मग रेकॉर्ड लावली. गर्दीचा आवाज, पहिलं गाणं, आणि थोड्या वेळानं खट्. मग पुन्हा खट्. सात-आठ वेळा, ठरावीक अंतरानं. मी मोबाइलचं घड्याळ लावलं. दोन खट्‌मध्ये १.८ सेकंद. लाँगप्ले मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद. आडवा चरा असला की सुई दर फेऱ्याला त्यावर आपटते, हिशोब चोख. फक्त चरा कुठे होता? सुई उचलली, रेकॉर्ड तिरपी धरली, मोबाइलचा दिवा सगळीकडून फिरवला. त्या पट्ट्यात काच शोभेल इतका नितळ काळेपणा. बोट हलकेच फिरवून पाहिलं, नखालाही काही लागेना.

पुन्हा लावली. त्याच जागी, तितक्याच वेळा, खट्.

चरा होता, पण या रेकॉर्डवर नव्हता. कुणाच्या तरी दुसऱ्या प्रतीवर तो पडला होता. ती प्रत वाजवून टेपवर घेतली, टेपवरून नवा साचा कापला, आणि त्या परक्या चऱ्याचा आवाज हिच्या खाचांत कायमचा गोठला. काकांना सांगितलं तेव्हा ते निराश होतील असं वाटलं होतं. ते मांडीवर थाप मारून हसले. “म्हणजे चाळीस वर्षं मी दुसऱ्याचा ओरखडा सांभाळतोय!”

काकूंनी चहा आणला. मी खोक्यातल्या बाकीच्या रेकॉर्ड चाळू लागलो. कॉस्टेलोचीच ‘धिस इयर्स मॉडेल’ निघाली. ‘एल मोकॅम्बो’ची मैफल झाली त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ मार्चला, इंग्लंडात आलेली. कव्हर चुकीचं कापल्यासारखं: उजव्या कडेला छापखान्याच्या रंगांच्या पट्ट्या, डावीकडे एल्व्हिसचं पहिलं अक्षर गायब. काका म्हणाले, “ही तर छपाईतच वाया गेलेली. लेस्टरला असताना घेतली. दुकानदाराला बदलून मागितली तर तो हसायला लागला.” दुकानदाराचं बरोबर होतं. ती ‘चूक’ मुद्दाम केलेली आहे.

मी ती खिडकीशी नेली. गाणी संपून लेबल सुरू होईपर्यंतचं कोरं कडं, तिथे संग्राहकाचा खरा मजकूर असतो. साचा कापणारा माणूस हातानं त्यात क्रमांक खोदतो. आपल्याकडे लाखेच्या तबकड्यांचे अभ्यासक हे फार पूर्वीपासून वाचत आलेत. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक गायसबर्गनं कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हापासूनच्या तबकड्यांच्या तारखा अशा क्रमांकांवरून लावल्या गेल्या. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या रेकॉर्ड संग्राहक संस्थेनं हे काम मुंबईत बसून वर्षानुवर्षं केलं.

इथे क्रमांक तर होताच, ‘आरएडी ३’. पण पुढे ओळच्या ओळ होती. रेकॉर्ड बोटांवर तोलून, प्रकाशात इंच-इंच फिरवत मी एकेक शब्द मोठ्यानं वाचला. आशय असा: ही खास प्रत क्रमांक ००३ आहे, अमुक नंबरवर फोन करा आणि तुमच्या खास बक्षिसासाठी मोइराला विचारा.

ही खोदलेली थट्टा पहिल्या ब्रिटिश आवृत्तीवर असते, आणि जिच्यावर असते त्या प्रत्येकीचा ‘खास क्रमांक’ ००३ च असतो. म्हणजे फार दुर्मीळ नव्हे, पण अस्सल. काकांनी ती स्वतः लेस्टरच्या दुकानातून, आलेल्या वर्षीच घेतलेली, आणि आजवर त्या कड्याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

“बक्षीस काय होतं?” काकूंनी विचारलं.

काकांनी मोबाइल उचलला होता. “लंडनचा कोड पूर्वी झीरो वन होता. आता काय लावायचं रे?”

लंडनचे सात आकडी नंबर १९९० पासून तीनदा बदललेत, हे मी सांगू लागलो. काकू म्हणाल्या, “तिथे आत्ता रविवारची दुपार आहे. मोइरा जेवत असेल. उद्या लावा.”