रेड वाइनचा रंग येतो कुठून?

रेड वाइन लाल रसापासून होते, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळपास रंगहीन असतो. एखादे द्राक्ष सोलून पाहा, आतला गर फिकटच दिसेल. रंग आणि टॅनिन (तुरटपणा आणणारे द्रव्य) मुख्यतः सालीतून उतरतात, पाण्यात चहापत्तीचा उतरावा तसे. म्हणून रस सालींसकट आंबवतात.

गडद म्हणजेच कडक, हेही खरे नाही. इटलीत पीएमाँते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवरच्या नेब्बियोलो द्राक्षांची बारोलो वाइन घ्या. सालीत रंगद्रव्य कमी, त्यामुळे रंग फिकट, वयाबरोबर विटकरी होत जाणारा. तुरटपणा मात्र जबर! तो निवळावा म्हणून ती किमान 38 महिने मुरवतात, त्यांतले 18 लाकडी पिंपांत. नुसती पिण्यापेक्षा चीज किंवा मांसाच्या जेवणासोबत ती अधिक खुलते.